पाळणा हलतो कसा : तीस चित्रांच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

दुकानातल्या उरलेल्या कागदांची पॅडं घरात ढिगाने पडली आहेत. त्यातलंच एक या कामाला लावलं. कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे मध्येच अंगावर आलं तर पळवाट नको.

धाकट्या बहिणीची तारीख ५ सप्टेंबर. बारशाचं आमंत्रण मी करणार हे तिने गृहीतच धरलंय. धरणारच. ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानात डीटीपी, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवणं, करण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, घरातल्या सगळ्या पत्रिका माझ्याच हातच्या. पण या वेळी निरोप असा : "ताई, कार्ड नको गं. हलणारं काहीतरी कर. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येईल असं."

दुकानातही हल्ली हेच. दोनशे पत्रिका छापणारं गिऱ्हाईक आता पंचवीस छापतं, देवापुढे आणि मोठ्यांना द्यायला. बाकीच्यांना व्हिडिओ. तो व्हिडिओ कुणीतरी तयार साच्यात नावं बदलून देतो, आणि आमचे काका, म्हणजे दुकानाचे मालक, नुसते माझ्याकडे बघतात. आजवर माझ्या हातून एक रेषही हललेली नाही.

ठरवलंय ते एवढंच : दहा सेकंद. एक पाळणा. वर चिमणाळं, लाकडी राघू-मैनेचं, खाली रंगीत झिरमिळ्या. दांडीवरून एक चिमणी चालत येते. मग मजकूर.

साधनं : लेकीचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, तिच्या अभ्यासाच्या वेळा सोडून. हाताच्या पंजाएवढा पेन टॅबलेट. सॉफ्टवेअर क्रिटा, कारण ते फुकट आहे आणि त्यात टाइमलाइन आहे, चित्रं वेळेप्रमाणे ओळीने लावायची पट्टी.

११ जून, बुधवार

दीड तास गेला आणि लॅपटॉप गोठला. चूक माझी, आणि अगदी छापखान्याची चूक. नवीन फाइल उघडताना हात सवयीने चालले : ए-फोर, ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, रंग सीएमवायके, छपाईच्या चार शायांचे. लेकीने मागून बघितलं आणि म्हणाली, "आई, हे कुठे छापणारेस?"

मग हिशेब मांडला. ए-फोर ३०० डीपीआयला म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एका चित्राचे जवळजवळ ३५ एमबी. अशी ४८ चित्रं म्हणजे दीड जीबीच्या वर, तेही एकाच लेयरचे. बिचारा लॅपटॉप काय करेल. फोनला उभं १०८० बाय १९२० पुरतं, तिथे एक चित्र ८ एमबीच्या आसपास. स्क्रीनला डीपीआयशी काही देणंघेणं नाही, आणि सीएमवायके तर नाहीच.

एकोणीस वर्षांत "डीपीआय किती?" हा प्रश्न मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा विचारलाय की आज तो गळून पडल्यावर जरा उघडं वाटलं.

१५ जून, रविवार

सगळे म्हणतात, सुरुवात चेंडूने करा. केली.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतंच असं नाही. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी डोळा तक्रार करत नाही, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला 'ऑन टूज' म्हणतात. मी 'दोन-दोनवर' म्हणते. एवढं कळल्यावर निम्मं काम कमी झाल्याच्या आनंदात चेंडू काढला : वरपासून खालपर्यंत सहा चित्रं, अर्धा सेकंद. मधली अंतरं एकसारखी. पट्टीने मोजून एकसारखी.

प्ले केलं तर चेंडू पडेचना. तो उतरत होता. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावरून उतरावा तसा.

प्रत्येक चित्रातला चेंडू नीट गोल, छटाही दिलेली. दुरुस्त करायला गेले तर एकेका चित्रात काही चुकीचं सापडेना. चूक चित्रांत नव्हतीच. ती दोन चित्रांच्या मधल्या जागेत होती.

रात्री भांडी घासताना लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली गॅलिलिओची गोष्ट आठवली. पडणारी वस्तू सारख्या सारख्या वेळात १, ३, ५, ७ अशा विषम प्रमाणात अंतरं कापते. सहा टप्प्यांना १, ३, ५, ७, ९, ११, बेरीज ३६. माझ्या कागदावर चेंडूला पडायला १४४० पिक्सेल, म्हणजे एक भाग ४० पिक्सेलचा. पहिली उडी ४०, मग १२०, २००, २८०, ३६०, शेवटची ४४०.

हात पुसून लॅपटॉप उघडला. तेच चेंडू, फक्त जागा बदलल्या. पडला! असा पडला की मी मान मागे घेतली.

अर्धा सेकंद पडणं म्हणजे खरं तर सव्वा मीटरच्या जरा आतलं, जेमतेम चार फूट. स्वयंपाकघरात टेप धरून लिंबू सोडून पाहिलं, फोनवर मोजलं. बरोबर.

याला स्पेसिंग म्हणतात. नाव वाचून हसूच आलं. अक्षरांतल्या स्पेसिंगवर माझं पोट चालतंय. 'र' नंतर 'ा' आला की किती ओढायचं, जोडाक्षरात फट कुठे दिसते, हे मला लांबून कळतं. अक्षर सुंदर असून चालत नाही, शेजारी बसायला हवं. तेच हे, फक्त शेजारी कागदावर नाहीत, वेळात आहेत.

१९ जून, गुरुवार

टप्पा खाऊन वर जाणारा चेंडू. जमिनीवर आपटताना थोडा चपटा करायचा, सुटताना थोडा लांबट. चपटा करताना रुंदी वाढवायला विसरले, तर चेंडू दर टप्प्याला लहान होत गेला. उंची घटली की रुंदी वाढलीच पाहिजे, आतलं भरलेलं कुठे जाणार? दुसऱ्या खेपेला जास्त झालं, चेंडूचा उकडीचा मोदक झाला. तिसऱ्यांदा जमलं.

२८ जून, शनिवार

डिस्नेतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा जुन्या अ‍ॅनिमेटरांनी १९८१ साली बारा तत्त्वं मांडली, सगळं जग त्यावर शिकतं. मी ती वहीत मराठीत उतरवायला बसले, कारण इंग्रजी नावं पाठ होतात आणि हातात येत नाहीत. पहिलं 'दबणं-ताणणं', ते झालंच. 'अँटिसिपेशन'ला अडले. 'पूर्वतयारी' लिहिलं, ते सरकारी परिपत्रकासारखं वाटलं. शेवटी लिहिलं : 'विटी मारण्याआधी दांडू मागे जातो ते'. 'फॉलो थ्रू' म्हणजे 'माणूस थांबला तरी पदर थांबत नाही'. बाराही अशा लिहिल्या नाहीत. मला लागतील तेवढ्याच लिहिल्या.

संध्याकाळी वीज गेली. लेकीने मेणबत्तीच्या उजेडात फोन उभा करून काड्यापेटीतल्या काड्यांची रांग हलवत एकेक फोटो काढला. चाळीस फोटो, साडेतीन सेकंदांची मिरवणूक. तिला सांगितलं की हेच दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली केलं होतं, 'आगकाड्यांची मौज'. आणि त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा पेरून त्याचा रोज थोडा थोडा फोटो घेऊन रोप वाढताना दाखवलं होतं. "रोज?" ती म्हणाली. "आणि कुणी कुंडी हलवली तर?"

हा प्रश्न फक्त काड्या हलवून बघितलेल्यालाच पडतो.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपासाचं खाऊन चिमणीला बसले. चालण्याचे चार टप्पे शिकले होते : पाय टेकणं, शरीर खाली बसणं, दुसरा पाय शेजारून पुढे येणं, शरीर वर उचलणं. साधारण चालीत एका पावलाला अर्धा सेकंद. माणसासाठीचं ते चिमणीला लावलं. बारा चित्रं काढली, चारदा पुसली. जे काही चालत होतं त्याला चोच होती, पिसं होती, पण ती चिमणी नव्हती. कोंबडी म्हणा हवं तर.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "चिमणी चालते कुठे? ती टुणटुण उडते."

संध्याकाळी तलावपाळीवर मुद्दाम गेलो. भेळेच्या गाड्यांजवळ तासभर उभी राहिले. साळुंकी चालते, एक पाय मग दुसरा, कमरेवर हात ठेवून सोसायटीत फेरी मारणाऱ्या सेक्रेटरीसारखी. कावळा चालतो आणि घाईत असला की तिरकी उडीही मारतो. चिमणी, दोनच दिसल्या, दोन्ही पाय जोडून उडी. अख्ख्या तासात एकदाही एक पाय पुढे टाकला नाही.

चाळीस वर्षं बघितलेली चिमणी मला माहीतच नव्हती. चिमणी यादीतून काढली. आधी पाळणा.

१३ जुलै, रविवार

पाळणा म्हणजे लंबक. लंबक बघायला मला लांब जावं लागत नाही, कळवा ते ठाणे एकच स्टेशन, पण डोक्यावर हँडलांची रांग असते. सकाळी त्यांना माणसं लटकलेली असतात. पण बुधवारी बँकेचं काम होतं म्हणून दुपारी बाराच्या गाडीत चढले, डबा मोकळा, रांगच्या रांग रिकामी. खाडीवरच्या वळणाला सगळी एका बाजूला कलली. ठाण्यात शिरताना ब्रेक लागला तशी सगळी पुढे गेली, आणि गाडी पूर्ण थांबल्यावरही मागे-पुढे करत राहिली. पदर थांबत नाही तो हा. एक हँडल अडकून वाकडं झालेलं, ते मात्र थांबलं ते थांबलंच. सगळ्यांत आधी नजर त्याच्यावरच जाते.

उतरायचं विसरले असते. चढणाऱ्या बाईने कोपर मारून आठवण करून दिली.

२० जुलै, रविवार

चरईला आईकडे. माळ्यावरून जुना पाळणा काढून कडीला बांधला, आम्ही दोघी बहिणी त्यातल्याच. आईला वाटलं, मला घाई झालीय. म्हटलं, मोजायचंय. रिकामा पाळणा हलणं बरं नाही म्हणून आजीने आत आधी गहू भरलेली पायली ठेवायला लावली. चालेल. दोलनाला वजनाने फरक पडत नाही.

दहा झोके, २५ सेकंद. तीनदा मोजलं. एक झोका अडीच सेकंदांचा. कडीपासून पाळण्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने दीड मीटरपेक्षा बोटभर जास्त, आणि लंबकाचं सूत्र लावलं तर तेवढ्या लांबीला अडीच सेकंदच येतात. आईने विचारलं, "आधी नव्हतं का माहीत, पाळणा किती हलतो ते?" तिला हातालाच माहीत आहे. मला लिहून घ्यावं लागतं.

अडीच सेकंद म्हणजे ६० फ्रेम. दोन-दोनवर ३० चित्रं. दहा सेकंदांत चार झोके, पहिले तीस पुन्हा पुन्हा फिरवायचे.

घरी येऊन लेकीची कंपासपेटी घेतली. हे जरा सविस्तर लिहिते, पुढे कुणाला शिकवायचं झालं तर. एक आडवी रेघ काढायची, पाळणा जेवढा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो तेवढी. त्यावर अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळाचे कोनमापकाने सारखे पंधरा भाग करायचे, १२ अंशांचा एक. प्रत्येक खुणेपासून सरळ खाली रेघेवर लंब सोडायचा. रेघेवर जिथे जिथे टेकेल, तिथे पाळण्याचं चित्र. टोकांना ठिपके एकमेकांना चिकटलेले, मध्ये विरळ. दोन्ही बाजूंना २० अंश झोका धरला तर टोकापाशी पहिल्या दोन चित्रांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही, आणि मध्यावर एका चित्रातून दुसऱ्यात चार अंशांची उडी.

बरा दिसला कागदावर. फॅनच्या पात्यासारखा.

२७ जुलै, रविवार

शुक्रवारी आणि शनिवारी रात्री जागून पाळणा रंगवला. सागवानाच्या रेषा, पितळी कड्या, कडेला कोरीव वेल. प्रेमात पडावं असा. मग त्याची प्रत करून प्रत्येक चित्रात ठरलेल्या अंशाने फिरवायची.

प्ले. पाळणा वादळातल्या होडीसारखा जागच्या जागी डुलतोय. दोऱ्या वरून सुटून हवेत. फिरवण्याचा मध्यबिंदू सॉफ्टवेअरने पाळण्याच्या पोटात धरला होता. तो ओढून वर कडीवर न्यायचा असतो. नेला.

दुसरं : मी फिरवलेल्यालाच पुन्हा फिरवत गेले. दहाव्या चित्रापर्यंत सगळा कोरीव वेल पुसट झाला, जुन्या झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा. दर वेळी मूळ चित्रच उचलून फिरवायचं. पंधराच्या पंधरा पुन्हा केले.

आणि फोनवर बघितलं तर तो वेल दिसतच नाही. दोन रात्री.

३ ऑगस्ट, रविवार

काही नाही. गणपतीची कामं सुरू : वर्गणीची पावतीपुस्तकं, नंबरिंग, कार्यक्रमपत्रिका, फ्लेक्स. एका मंडळाच्या फ्लेक्सवर सतरा फोटो, त्यातल्या चौघांना मधली जागा हवी. तिथलं स्पेसिंग मला या जन्मी जमणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

जाणारे पंधरा झाले, येणारे पंधरा उलट क्रमाने लावले. पाळण्याला चाललं. जाताना आणि येताना तो त्याच जागांवरून जातो. फुकट पंधरा चित्रं मिळाली म्हणून खूश.

मग त्याच पद्धतीने चिमणाळं आणि झिरमिळ्या. आणि सगळं मेलं. नक्की काय मेलं ते सांगता येईना, पण पुठ्ठ्याचा देखावा झाला.

ऑनियन स्किन लावून बसले. मागचं-पुढचं चित्र फिकट दिसतं, कांद्याच्या पापुद्र्यातून बघावं तसं, जिलेटीन पेपरवर ट्रेसिंग केलेल्यांना हे कळेल. तरी सापडेना. शेवटी चरईला फोन केला, आईला म्हटलं पाळणा हलव आणि व्हिडिओ काढून पाठव. तिने कपाळापासून वरचं छत काढून पाठवलं. दुसऱ्या खेपेला जमलं.

व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला. लाकडी राघू-मैना पाळण्याबरोबरच जवळजवळ सरळ जातात, त्यांना मागे रेंगाळायला वेळ नाही. पण कागदी झिरमिळ्या हवेला अडतात. पाळणा उजवीकडे निघाला की त्या डावीकडे मागे राहतात, पाळणा टोकाला थांबला तरी त्या पुढे येतच असतात, आणि पाळणा परत फिरला की तेव्हा कुठे त्यांना कळतं. म्हणजे मध्यावर पाळणा तोच, तिथेच, पण जाताना झिरमिळ्या एका बाजूला आणि येताना दुसऱ्या. उलट क्रमाने लावलेले पंधरा इथेच खोटे पडले.

झिरमिळ्या तीसही हाताने काढायच्या.

१६ ऑगस्ट, शनिवार

गोपाळकाला. गल्लीत हंडी, कानात बोळे. थर कोसळले तिकडे सगळे बघत होते. मी वर रिकाम्या दोरीकडे. हंडी फुटल्यावर दोरी ओझं गेल्याने वर उसळली आणि तिच्या फुलांच्या माळा एका क्षणानंतर. लेक म्हणाली, "आई, तुझं काही खरं नाही."

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस पावसाने झोडपलंय, लोकल बंद, दुकानही बंद. चौदा झिरमिळ्या-चित्रं झाली. घाणेरडी काढली, मुद्दाम. एकेक बघितलं तर लहान मुलाने ओढलेल्या रेघा. एक चित्र सेकंदाच्या बाराव्या भागापुरतं दिसतं, त्याला वेल कोरायचे नसतात. सलग लावली तर हवा वाहतेय असं वाटलं. मी खिडकी बंद आहे का बघितली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहाटे पावणेपाचला फोन. मुलगी. दोघी सुखरूप. पंधरा दिवस आधी.

हॉस्पिटलमधून दुकानात जाताना बोटं मोजली. आजचा पहिला धरला तर बारावा दिवस १ सप्टेंबर. त्याच दिवशी आमच्याकडे गौरीपूजन. माझ्याकडे सोळा झिरमिळ्या बाकी, मजकूर नाही, आवाज नाही, आणि काउंटरवर सहा मंडळांचे फ्लेक्स.

रात्री पाच काढल्या. हात कापतोय, झोप नाही. आनंदही आहे. झिरमिळ्यांत सगळंच दिसतंय.

२४ ऑगस्ट, रविवार

चरईत तारखेवरून संसद भरली. १ ला गौरी. त्यानंतर निम्मी पाहुणे मंडळी कोकणात, विसर्जनाआधी परत येत नाहीत. ६ ला अनंत चतुर्दशी. ७ ला रविवार म्हणून मेहुण्यांनी उत्साहाने सुचवलं, तर त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. आई म्हणाली, "ग्रहणात का नाव ठेवायचं पोरीचं?" ८ पासून पितृपक्ष. २२ ला घटस्थापना. ठरलं : २८ सप्टेंबर, रविवार.

मी कुणाला दिसणार नाही अशी भिंतीला टेकून श्वास सोडला.

१४ सप्टेंबर, रविवार

तीसही झाल्या. आता मजकूर.

दुकानातला तयार मजकूर उचलून टाकला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमचे जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, आतून सगळी इंग्रजीच अक्षरं असतात. मुक्ता हा युनिकोड फॉन्ट घेतला आणि पुन्हा टाइप केलं. मग वाटलं, अक्षरं एकेक करून यावीत. व्हिडिओ जोडण्याच्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती. 'बारसं' असं आलं : आधी ब, मग काना एकटाच ठिपक्यांच्या गोलाला धरून उभा, मग र... अनुस्वार शेवटी कुठूनतरी डोक्यावर पडला. इंग्रजीला अक्षर म्हणजे एक ठोकळा. आपलं तसं नाही.

वैतागून पेन उचललं आणि हाताने लिहायला घेतलं. आधी नुसती शिरोरेषा ओढली, डावीकडून उजवीकडे. आणि हात थांबला. आडवी रेघ. पाळण्याची दांडी.

रात्री दीडपर्यंत : शिरोरेषा ओढली जाते, तिच्यातून ब, र, स खाली उतरतात, रेघ तशीच पुढे लांबत जाते आणि तिच्या टोकाला दोऱ्या, दोऱ्यांना पाळणा. हे मी ठरवलं नव्हतं. चिमणी गेली ते बरंच झालं, दांडीवर जागा नव्हती.

१७ सप्टेंबर, बुधवार

आवाज आईचा. पाळणा गुणगुणून पाठव म्हटलं, तिने खुर्चीत बसून म्हटला, तो झोक्याशी जुळेना, कुठे मागे कुठे पुढे. सॉफ्टवेअरमध्ये ओढून ताणून बघितलं, तिचा आवाज आजारी झाला. मग सांगितलं, बाळ पाळण्यात असताना दोरी ओढत म्हण. तसा पाठवला आणि काहीही न कापता बसला. शेवटी तोच पाळणा, तीच कडी. मागे बाळाची एक शिंक आहे. ठेवली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काकांना दाखवला. ते दहा सेकंद बघत राहिले, परत लावला, आणि म्हणाले, "छान. पत्ता कुठाय?"

होता. दीड सेकंद होता. कागदावर लिहिलेलं तिथेच बसतं, वाचणारा हवं तेव्हा वाचतो. त्याला किती वेळ द्यायचा, हा विचार मला कधी करावाच लागला नव्हता. आता तारीख, वेळ, पत्ता सहाव्या फ्रेमपासून शेवटपर्यंत खाली स्थिर. मी दोनदा मोठ्याने वाचून होईल एवढा वेळ आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून लेकीला पाठवून बघितलं. दाबून दाबून बारीक रेषांचं पिठलं झालं होतं. रेषा दुप्पट जाड केल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

गेला सगळ्यांना. फोन येतायत. चुलत सासूबाईंनी विचारलं, "कोणत्या अ‍ॅपवर नाव टाकून केलंस?"

२५ सप्टेंबर, गुरुवार

आजीकडे फोन नाही, आणि कुणाच्या फोनवर दाखवला तर तिला त्यात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. तिला वेगळं हवं.

फ्लिपबुक. हे तर माझ्या घरचं काम. १३ बाय १९ इंचांच्या शीटवर व्हिजिटिंग कार्डाच्या मापाची बरोबर ३० पानं बसतात, सहा ओळी पाच रांगा. एक झोका एक शीट. दोन शीट, दोन झोके, साठ पानं. पहिला प्रयत्न ३०० जीएसएमच्या जाड कागदावर, बोटाखालून वळेचना, जाडी दोन बोटं. १७० वर सुरेख. काकांनी स्वतः कटिंग केलं, पैसे घेतले नाहीत, पण पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला एक ठेवून घेतलं. पुस्तकाच्या पाठीला दोन पिना आणि वर जरीची पट्टी.

१८६८ मध्ये लिनेट नावाच्या एका इंग्रजाने याचं पेटंट घेतलं होतं म्हणे. आमच्या कटिंग मशीनचं वयही तेवढंच वाटतं.

२८ सप्टेंबर, रविवार

बारसं झालं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, बाळ सगळा वेळ झोपलेलं. खरा पाळणा हलताना मी झोके मोजत होते हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. अडीचच.

जेवणं उरकल्यावर आजीच्या हातात फ्लिपबुक दिलं. तिने ते आधी उलटसुलट केलं, वास घेतला, मग डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने सोडलं. पण पुढून नाही. शेवटच्या पानापासून पहिल्याकडे. भर्रर्र.

"हलतोय गं," म्हणाली. पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच, मागून पुढे.

पाळण्याला काही फरक नाही, तो उलटाही तसाच जातो. पण झिरमिळ्या पाळण्याच्या आधी वळत होत्या, जणू कुठे जायचं ते त्यांना अगोदरच माहीत. मी लेकीकडे बघितलं, लेकीने माझ्याकडे. तिलाही दिसलं होतं. आजीला म्हटलं, अशी या बाजूने सोड. तिने दोन वेळा सोडलं, तिसऱ्या वेळी अंगठा पुन्हा मागे गेला.

उद्या दुकानात आणखी दोन शीट छापते आणि साठ पानं उलट्या क्रमाने लावून पिना मारते. या वयात तिचा अंगठा काही दिशा बदलणार नाही.